आभाळ आलंच नाही त्या दिवशी

एप्रिल-मे महिन्यांत वर्तमानपत्रातली हवामानाची बातमी रोज वाचणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला एक वाक्य पाठ झालेलं असतं. विदर्भापासून किंवा मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे तमिळनाडूपर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा आहे, त्यामुळे तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस पडेल. हा पट्टा म्हणजे नेमकं काय आणि ‘तुरळक’ म्हणजे किती, हे मात्र सहसा कुणी उलगडून सांगत नाही. मुरुडच्या एका मित्राबरोबर मी वळवाच्या ढगांमागं फिरत असतो. या दोन्ही गोष्टी मला नीट उमगल्या त्या मोठी वादळं पाहून नव्हे. ज्या दिवशी सगळी तयारी होऊनही आभाळ आलं नाही, त्या दिवसांनी त्या शिकवल्या. हा लेख अशाच एका दिवसाबद्दल आहे.

हे मुरुड म्हणजे कोकणातलं जंजिऱ्याशेजारचं नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. पूर्वेला लातूर, पश्चिमेला ढोकी-येडशीवरून बार्शी, उत्तरेला मांजरेपलीकडं अंबाजोगाईचा डोंगर. सगळा भाग समुद्रसपाटीपासून ६००-७०० मीटर उंचीचं पठार. मेमध्ये रानं नांगरून पडलेली असतात, ऊस सोडला तर नजर अडवणारं काही नसतं, आणि ढग कुठंही उठला तरी दिसतो. येडशीच्या घाटमाथ्यावर उभं राहिलं की बालाघाटाची कड संपते आणि बार्शीकडची सखल जमीन खाली पसरलेली दिसते. वळवाचा ढग बघायला याहून चांगली जागा या भागात मला तरी माहीत नाही.

वादळांचा पाठलाग करण्याचा नाद मूळचा अमेरिकेचा. नॉर्थ डकोटातल्या डेव्हिड होडली यांनी १९५६ साली तो सुरू केला आणि १९७७ मध्ये ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचं नियतकालिकही काढलं. पुढं शास्त्रज्ञ त्यात उतरले. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटी इथं चक्रवात, म्हणजे टोर्नेडो, जन्मल्यापासून विरेपर्यंत माणसांच्या डोळ्यांनी आणि डॉपलर रडारनं एकाच वेळी टिपला गेला. रडारच्या पडद्यावरची कुठली खूण म्हणजे चक्रवात, हे त्यातून कळलं. तिथली वादळं कित्येक तास टिकतात, वेगानं सरकतात, म्हणून माणसं शेकडो किलोमीटर गाडी पळवतात. त्या नादानं जीवही घेतले आहेत. ३१ मे २०१३ रोजी एल रिनोच्या चक्रवातात टिम सॅमरस हे अनुभवी संशोधक, त्यांचा मुलगा आणि एक सहकारी मारले गेले.

आपल्याकडं तसा चक्रवात दुर्मीळ. आपली भीती वीज, गार आणि सोसाट्याचं वारं यांची. आपला वळवाचा ढगही साधारण पाऊण तासाचा धनी असतो. उभा राहतो, कोसळतो आणि स्वतःच्याच थंड वाऱ्यानं स्वतःची मुळं तोडतो. त्याच्यामागं पळण्यात अर्थ नाही. तो कुठं उठेल ते ओळखून तिथं आधी जाऊन थांबायचं असतं. त्यामुळं मराठवाड्यातला पाठलाग म्हणजे नव्वद टक्के वाट पाहणं. माझ्या मित्राचा एक नियम आहे: मोटारसायकलवर जायचं नाही, चारचाकीच घ्यायची आणि काचा वर करायच्या. गाडीवर वीज पडली तरी ती पत्र्याच्या बाहेरून जमिनीत जाते. उघड्या माळावर दुचाकीवरचा माणूस मात्र आसपासची सगळ्यांत उंच वस्तू असतो.

तो दिवस मेच्या सुरुवातीचा. सकाळी सातलाच अंगाला घाम चिकटत होता. हवामान खात्यानं पिवळा इशारा दिला होता, विजांसह पाऊस आणि ताशी ४०-५० किलोमीटर वेगाचं वारं. मित्र स्वतः शेती करतो आणि दोन तापमापकांचं एक साधं उपकरण बाळगतो. एक तापमापक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. दोन्ही तापमापक हातानं गरगर फिरवायचे. ओल्या कापडातलं पाणी जितकं जोरात उडेल तितका ओला तापमापक खाली जातो आणि त्या फरकावरून हवेत बाष्प किती ते काढता येतं. हजारो रुपयांची यंत्रं नाहीत म्हणून काही अडत नाही. वळवाचा ढग होणार की नाही, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन नळ्यांमध्ये असतं.

दुपारी दीडला ढोकीच्या अलीकडं एका लिंबाच्या सावलीत गाडी लावली. कडब्याची गंजी ताडपत्रीनं झाकून दोरखंड आवळत असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मित्रानं हाक मारली, “मामा, आज येतंय का आभाळ?”

“कशाचं येतंय? वारं मावळतीचं हाय. उगवतीचं वारं लागल्याबिगर कशाचा पाऊस.”

“मग गंजी कशाला झाकताव?”

“न्हाई आलं तर ताडपत्री काढता येती. भिजला कडबा वाळवून कोण देतंय?”

मामांच्या या दोन उत्तरांत हवामानशास्त्राचे दोन धडे आहेत. पहिला वाऱ्याचा, म्हणजे त्या पट्ट्याचा.

उन्हाळ्यात मराठवाड्यावर दोन स्वभावांची हवा भेटते. राजस्थान, मध्य प्रदेशाकडून येणारी वायव्येची हवा तापलेली आणि कोरडी. बंगालच्या उपसागरावरून आंध्र-तेलंगण ओलांडून येणारी आग्नेयेची हवा दमट. जिथं त्या भेटतात तिथं वाऱ्याची दिशा एकदम बदलते आणि ती भेटीची रेघ विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडं लांबवर पसरते. बातमीतला पट्टा तो हाच, हवामान खातं त्याला कधी ‘वाऱ्यांची खंडितता’ असंही म्हणतं. टेक्सास-ओक्लाहोमातही असंच घडतं. मेक्सिकोच्या पठारावरची कोरडी हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा यांच्या सीमेवर तिथली वादळं जन्मतात. आपल्याकडं ही रेघ रोज सरकते. ती पन्नास किलोमीटर पूर्वेला गेली की मुरुड कोरड्या बाजूला पडतं आणि लातूरच्या पलीकडं, उदगीर-बिदरकडं आभाळ भरतं. मामांचं उगवतीचं वारं म्हणजे बंगालच्या उपसागराचं बाष्प. ते त्या दिवशी मुरुडपर्यंत पोचलं नव्हतं.

तापमापकांनीही तेच सांगितलं. कोरडा ४१ अंशांवर, ओला २१ वर. हिशेबानं दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते, आला १० अंशांच्या आसपास. हवा आणि दवबिंदू यांच्यातला प्रत्येक अंशाचा फरक म्हणजे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर, असा एक कामचलाऊ ठोकताळा आहे. ३१ अंशांचा फरक म्हणजे तळ जमिनीपासून जवळजवळ ३,९०० मीटरवर. जोरदार वळवाच्या दिवशी तापमान ३८ आणि दवबिंदू २० असेल तर हाच तळ २,२५० मीटरवर उतरतो. ढग एवढा उंच लटकला की त्यातून पाऊस सुटला तरी वाटेतल्या कोरड्या हवेत थेंब विरून जातात. विरताना ते हवा गार करतात, गार हवा जड होऊन खाली आदळते आणि चहूबाजूंना फुटते. मराठवाड्यात चार थेंब पडतात आणि गोठ्याचे पत्रे मात्र उडून जातात, त्यामागं बहुतेकदा हेच कारण असतं. थेंब हरवतात, पण त्यांनी गार केलेली हवा जमिनीवर पोचते.

याच सुमारास मित्र म्हणाला, “सकाळी उकडायलं होतं तेवढं आता उकडंना. घाम वाळायलाय बघ.”

हे निरीक्षण नोंदवून ठेवावं असं आहे. सकाळी जमिनीलगत दमट हवेचा पातळ थर असतो. ऊन चढलं की खालची हवा उकळ्या घेत वर जाते आणि वरची कोरडी हवा खाली ओढते. दोन्ही मिसळतात, थर विटतो. तापमान वाढलेलं असूनही घाम पटापट वाळू लागला म्हणजे वळवाचा कच्चा माल पातळ झाला. दुपारी तीनलाही घाम अंगावरून ओघळत असेल, शर्ट पाठीला चिकटला असेल, तर त्या दिवशी पश्चिमेकडं नजर ठेवावी.

अडीच-तीनच्या दरम्यान बालाघाटाच्या माथ्यावर लहान लहान ढग उगवले. तापलेले डोंगर-उतार हवेला वर ढकलतात म्हणून पहिले ढग नेहमी तिथंच. आम्ही येडशीच्या घाटमाथ्यावर गेलो. नांगरलेल्या रानांतून मातीच्या वावटळी उठत होत्या, म्हणजे जमिनीची ताकद कमी नव्हती. एक ढग जरा उंच गेला. त्याची कड कातीव, शुभ्र दिसू लागली आणि मित्रानं घड्याळ पाहिलं. जोमदार ढगाची कड धारदारच राहते, कारण आत सतत नवी ओली हवा येत असते. या ढगाची कड मात्र काही मिनिटांत पिंजली, डोकं वाऱ्यानं एका बाजूला कललं आणि त्याखालून तळ विरघळत गेला. त्याच्या जागी दुसरा उठला, त्याचीही तीच गत. सगळे ढग साधारण एकाच उंचीवर जाऊन थांबत होते.

त्या उंचीवर झाकण होतं. पातेल्यावर ठेवतात तसंच ते काम करतं, म्हणून शास्त्रज्ञही त्याला झाकणच म्हणतात. वर जाणारा हवेचा फुगा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश गार होतो. जमिनीवर ४१ अंशांचा फुगा चार किलोमीटरवर पोचला की २ अंशांच्या आसपास येईल. त्या उंचीवर वायव्येकडून आलेली गरम हवा आधीच ४ अंशांची असली तर फुगा तिच्यापेक्षा गार आणि जड ठरतो आणि तिथंच थबकतो. तो हा थर फोडून पलीकडं गेला तर पुढचा प्रवास आपोआप होतो, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते आणि ढग स्वतःलाच वर रेटतो, अगदी १२-१५ किलोमीटरपर्यंत. फोडता आला नाही तर दिवस कोरा.

या झाकणाची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. ते नसतं तर सकाळी दहापासूनच जागोजागी किरकोळ ढग होऊन बाष्प उधळलं गेलं असतं. झाकण ते दिवसभर राखून ठेवतं. म्हणून दुपारी चारपर्यंत निरभ्र राहिलेला दमट दिवस हा सगळ्यांत धोक्याचा असू शकतो. पाचच्या पुढं कुठं तरी झाकण फुटलं की साठवलेलं सगळं एकाच ढगात शिरतं. शांत दिवस खरंच शांत आहे की नुसता थांबला आहे, हे सूर्य कलेपर्यंत ठरत नाही. आम्ही त्या माथ्यावर चहाचा थर्मास रिकामा होईपर्यंत बसून राहिलो ते त्याचसाठी.

गारपिटीच्या दिवशी वरची बाजू वेगळी असते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, ती लातूर-धाराशिवचा शेतकरी विसरणार नाही. काढणीला आलेला हरभरा, गहू, ज्वारी, घडांनी लगडलेल्या द्राक्षबागा झोडपून निघाल्या, जनावरं आणि पाखरं मेली. बारामतीच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेनं त्यावर सविस्तर पुस्तिका काढली. तेव्हा उत्तरेकडून पश्चिमी झंझावातांनी वर थंड हवा आणली होती आणि खाली समुद्राचं बाष्प होतं. वर गार, खाली गरम-दमट, अशा वेळी झाकण टिकत नाही आणि ढगातला वरचा झोत गारेला पेलून धरतो. दोन सेंटीमीटर जाडीची गार ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येते. ती ढगात तोलून वाढवायला तेवढ्याच जोराचा झोत खालून वर लागतो. गारेचा आकार हातात घेऊन पाहिला की त्या ढगाच्या पोटातल्या वाऱ्याचा अंदाज येतो.

आता ‘तुरळक’कडं वळू. संध्याकाळी मुरुडच्या चौकात कुणीही म्हणेल, अंदाज खोटा निघाला. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर ‘बऱ्याच ठिकाणी’ वगैरे. म्हणजे तुरळकचा इशारा पूर्ण खरा ठरला तरी चारांतली किमान तीन गावं कोरडी राहणारच. मुरुडचा कोरडा दिवस हा त्या अंदाजाचाच भाग आहे. मला वाटतं, हे टक्के बातमीत दरवेळी छापले तर अंदाजावरचा निम्मा राग शमेल.

न आलेल्या वादळांचा हिशेब किती फसवा असतो, याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेत घडलं. १८८४ मध्ये सार्जंट जॉन फिनली यांनी चक्रवातांचे अंदाज वर्तवले. २,८०३ अंदाजांपैकी ९६.६ टक्के बरोबर आले, असा त्यांचा दावा होता. गिल्बर्ट नावाच्या अभ्यासकानं दाखवून दिलं की डोळे मिटून रोज ‘चक्रवात होणार नाही’ म्हटलं असतं तरी ९८.२ टक्के बरोबर आले असते. फिनलींनी १०० वेळा ‘होईल’ म्हटलं, त्यांतले २८ झाले, आणि न सांगितलेले २३ झाले. बाकीची सगळी टक्केवारी शांत दिवसांनी भरली होती. तेव्हापासून हवामानाचा अंदाज तपासताना चार खाती वेगळी मांडतात: सांगितलं आणि झालं, सांगितलं आणि झालं नाही, न सांगता झालं, सांगितलं नाही आणि झालंही नाही. यातलं दुसरं खातं भरायला कोरड्या दिवसाची नोंद हवीच.

आपल्या सोलापुरातही याच तत्त्वावर मोठं काम झालं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘कायपीक्स’ प्रयोगात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात २७६ ढग निवडले. काहींत पाणी शोषणारे कण फवारले, काही मुद्दाम तसेच सोडले, आणि कुठला ढग कुठल्या गटात जाईल हे नशिबावर ठेवलं. न फवारलेल्या ढगांची नोंद नसती तर फवारलेल्यांबद्दल काही सांगताच आलं नसतं. याच कामासाठी तिथं सी-बँड रडार बसलं. मुरुड त्याच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. रडारचा किरण अर्धा अंश वर धरला आणि पृथ्वीचा बाक जमेस घेतला, तर मुरुडवरून तो सुमारे दीड किलोमीटर उंचावरून जातो. हैदराबादच्या रडारचा किरण इथं येईपर्यंत जवळजवळ सहा किलोमीटर वर गेलेला असतो. जमिनीलगतच्या पहिल्या दीड किलोमीटरात काय चाललंय, बाष्प आहे की विटलं, वारं उगवतीचं की मावळतीचं, हे रडारला दिसत नाही. तिथं मामा, मित्र आणि ओलं मलमल हीच साधनं.

मामांचा दुसरा धडा ताडपत्रीचा. समजा गंजी झाकायची मजुरी १०० रुपये आणि भिजून होणारं नुकसान २,००० रुपये. मग पावसाची शक्यता पाच टक्क्यांहून जास्त असली तरी झाकणं परवडतं. वीसदा झाकून एकदाच पाऊस आला तरी तोटा नाही. पण हे गणित सगळ्यांना सारखं लागू होत नाही. नांदेड-हिंगोलीकडं मार्च-एप्रिलमध्ये शिजवलेली हळद वाळत पसरलेली असते. ती ताडपत्रीखाली कोंडली की घामेजते, रंग जातो, वाळवण लांबतं. तिथं खोट्या इशाऱ्याची किंमत मोठी आहे. एकाच पिवळ्या इशाऱ्यावर ढोकीच्या कडबेवाल्यानं झाकावं आणि वसमतच्या हळदवाल्यानं तासभर थांबून आभाळ बघावं, दोघंही शहाणेच.

विजेच्या बाबतीत मात्र मी असा हिशेब मांडणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. मराठवाड्यात जाणारे बहुतेक शेतात, जनावरांमागं किंवा झाडाखाली आडोशाला उभे असतात. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनानं भागले की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे दहा किलोमीटरच्या आत वीज, काम सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. त्याच पुण्याच्या संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टापूतल्या विजांची सूचना देतं. रेंज असेल तिथं ते उघडून ठेवावं. आणि ज्या झाडाखाली आम्ही दुपारी गाडी लावली, त्याच्या बुंध्याशी ढग गरजताना उभं राहायचं नाही.

सूर्य मावळला, ढगांचे उरलेले तुकडे तांबूस होऊन विरले. परतताना आग्नेयेला क्षितिजाशी लख्ख होत होतं, आवाज नव्हता. गडगडाट फार तर १५-२० किलोमीटर ऐकू येतो, पण १४ किलोमीटर उंच ढगाचा माथा सपाट पठारावरून दोन-दोनशे किलोमीटरवरूनही उजळताना दिसतो. ‘दामिनी’च्या नकाशात त्या विजा बिदरच्या बाजूला होत्या. ती रेघ त्या दिवशी तिकडं होती. मित्राला त्यात उद्याचं काम दिसलं: रात्री त्या ढगातून सुटलेली गार, ओली हवा मुरुडपर्यंत सरकली तर सकाळचा दवबिंदू चढलेला असेल आणि वारं उगवतीचं.

त्याच्या वहीत त्या तारखेपुढं पावसाच्या रकान्यात ०.० लिहिलं गेलं, शेजारी कोरडा-ओला तापमापक, वाऱ्याची दिशा, ढग किती वाजता उठले आणि कधी विरले. पावसाची नोंद सकाळी साडेआठला घ्यायची, हा खात्याचा शिरस्ता तोही पाळतो. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रं बसली आहेत. वळवाचा ढग मात्र पाच-सात किलोमीटर रुंदीचा, तो मंडळातल्या एका गावाला झोडपून केंद्राला कोरडं ठेवून जाऊ शकतो. राज्यातल्या पीक विम्यात २०२५ च्या खरिपाआधी गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची. नुकसानीची दाद मागताना कुठल्या शिवारात किती वाजता काय पडलं हे शेतकऱ्याला सांगता आलं पाहिजे. रोज, कोरड्या दिवसांसकट, लिहिलेली वही असलेला माणूस ते तारखेनिशी सांगू शकतो. मित्राच्या गल्लीतल्या दोघांनी आता प्लास्टिकचं पर्जन्यमापक बसवलं आहे.